धावत्या गाडीतला संडास रिकामा कोण करतं?

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या खर्ड्यात एक वाक्य होतं. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने रेल्वेला पत्र लिहिलं आणि त्यामुळे भारतातल्या गाड्यांच्या डब्यांत संडास आले, असं ते वाक्य. खर्डा परत आला तेव्हा गाईडनी त्या ओळीशेजारी पेन्सिलीने चार शब्द लिहिले होते : "पत्रात संडास कुठे आहे?"

मी पत्र पुन्हा वाचलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच नीट वाचलं. त्यात संडास नव्हता.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस चालू आहे. "विषय कसा सापडतो?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझा विषय त्या चार शब्दांनी बदलला. तो कसा, हे आज सविस्तर सांगते. विषय संडासाचा आहे, त्यामुळे जेवताना वाचू नका, एवढंच.

पत्र काय म्हणतं

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयामुळे हे पत्र सगळ्यांना माहीत झालं. मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं, वाचताना हसू येणारं. तारीख २ जुलै १९०९, पत्ता साहिबगंज विभागीय कार्यालयाचा. गोष्ट अशी : फणस जास्त खाल्ल्यामुळे पोट बिघडलेला हा गृहस्थ अहमदपूर स्टेशनवर उतरून शौचाला गेला. तेवढ्यात गार्डने शिटी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून तो गाडीमागे धावला, पडला, आणि फलाटावरच्या बायाबापड्यांसमोर त्याची शोभा झाली. गाडी निघून गेली.

आता बघा, पत्रातली मागणी काय आहे? गार्डला दंड करा. नाहीतर मी वर्तमानपत्रात लिहीन. संपलं. डब्यात संडास बसवा, असं त्यात एका शब्दाने म्हटलेलं नाही. ते आपण म्हणतो. पत्राखाली नंतर चिकटवलेली ओळ, मग त्या ओळीवरून झालेली बातमी, मग बातमीवरून झालेले शेकडो फॉरवर्ड. मी माझा पुरावा या फॉरवर्डच्या रांगेतून उचलला होता. दस्तऐवजापर्यंत गेलेच नव्हते.

पहिला धडा इथेच लिहून ठेवा. एखादा दस्तऐवज इतका गमतीशीर असेल की तो सगळ्यांना पाठ आहे, तर तो हमखास कुणीच वाचलेला नसतो.

एकोणीस वर्षं आधीचं कलम

पत्रातून संडास गेल्यावर मी कायदा उघडला. १८९० चा भारतीय रेल्वे कायदा, म्हणजे त्या वर्षीचा नववा कायदा. त्याचं कलम ६४ दोन भागांत आहे. पहिला भाग : १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा किमान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवायचा. दुसरा भाग : गाडी पन्नास मैलांपेक्षा जास्त अंतर जाणार असेल, तर अशा राखीव कप्प्यांपैकी एकात संडास असलाच पाहिजे.

म्हणजे ओखिलबाबूंच्या पत्राच्या एकोणीस वर्षं आधी, सर्वांत खालच्या वर्गातल्या संडासाची सक्ती कायद्यात आलेली होती. पण फक्त बायकांच्या कप्प्यात, आणि फक्त पन्नास मैलांपुढे. पन्नास मैल म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. मुंबईहून कल्याणला जाणाऱ्या गाडीला हा नियम लागू नव्हता, पुण्याला जाणाऱ्या गाडीला होता.

इथे थोडं थांबा. हे कलम काय गृहीत धरतं? पुरुष स्टेशनवर उतरेल, मोकळा होऊन परत चढेल. बाई उतरणार नाही, तिला उतरणं शक्य नाही. पडदा, लाज, गर्दी, सुटणारी गाडी, सोबतची मुलं, हे सगळं त्या एका ओळीमागे आहे. रेल्वेची जी "सोय" आपण आज सगळ्यांची मानतो, ती खालच्या वर्गापुरती आधी बाईच्या अडचणीतून कायद्यात आली.

आणि आता ते १९०९ चं पत्र पुन्हा हातात घ्या. ते निरुपयोगी झालं का? अजिबात नाही. ते आता वेगळ्या गोष्टीचा पुरावा झालं. कायद्याने बायकांची व्यवस्था केली होती. पुरुष प्रवासी गाडी थांबण्यावर आणि गार्डच्या मर्जीवर अवलंबून होता. म्हणूनच त्याचा राग गार्डवर आहे. डब्यात संडास नसणं ही त्याला तक्रारीची बाब वाटतच नाही, गाडी पाच मिनिटं थांबली नाही ही वाटते. मागणी कशाची नाही, हेसुद्धा दस्तऐवज सांगत असतो.

मध्येच मोटरहोम

या टप्प्यावर मी बरेच दिवस "संडास कधी आला?" याच प्रश्नात अडकले होते. वर्षं मांडत होते, वर्ग मांडत होते. पहिला वर्ग, दुसरा, इंटर, तिसरा. तक्ता मोठा होत होता, म्हणणं काहीच तयार होत नव्हतं. त्यातून बाहेर पडायला मला एका अगदी वेगळ्या गाडीची मदत झाली.

युरोपात नि अमेरिकेत लोक घर असलेली गाडी घेऊन फिरतात. मोटरहोम म्हणतात तिला. झोपायला पलंग, छोटा ओटा, आणि एक संडास. युरोपातल्या बहुतेक गाड्यांत संडासाच्या भांड्याखाली एक चपटी पेटी असते. तिला कॅसेट म्हणतात. साधारण १८ ते २० लिटरची. दोन माणसं वापरणार असतील तर दोन-तीन दिवसांत भरते. मग गाडीच्या बाहेरच्या बाजूचं छोटं दार उघडायचं, पेटी ओढून काढायची, नेमून दिलेल्या जागी न्यायची, तोंड खाली करून ओतायची. ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर आतलं पाणी गचके खात अंगावर उडतं. मग पेटी दोन-तीनदा विसळायची, थोडं पाणी आणि वास मारणारं औषध घालायचं, झाकणाची रबरी कड पुसून तिला योग्य ते वंगण लावायचं, कारण ती सुकली की गळती सुरू होते. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत पेटीऐवजी गाडीखाली पक्की टाकी असते. ती जाड नळीने रिकामी करतात. आधी मैल्याची टाकी सोडतात, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते.

हे सगळं मी एवढ्या तपशिलात का सांगते आहे? कारण यात तीन कामं आहेत : वापरणं, रिकामं करणं आणि निगा राखणं. मोटरहोममध्ये ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या हातची असतात. ज्याने वापरलं तोच पेटी उचलतो. पेटी किती भरली, कुठे गळते, आत काय टाकू नये, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. चुकीची गोष्ट टाकली तर काढायलाही तोच.

आता हीच तीन कामं आपल्या आगगाडीला लावून बघा. वापरणारा एक. रिकामं करणारं तर कुणीच नाही, कारण भांड्याखालची नळी सरळ रुळांवर उघडत होती. आणि साफ करणारा तिसराच, जो त्या गाडीने बहुधा प्रवासही करत नव्हता.

माझा प्रश्न त्या दिवशी बदलला. "संडास कधी आला?" हा प्रश्न मी बाजूला ठेवला. "तीन कामं तीन माणसांत कशी वाटली गेली आणि ती वाटणी कुणी टिकवली?" हा नवा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक वर्ष असतं. दुसऱ्याचं उत्तर प्रबंध असतो.

१९१७ : आहे, पण साफ नाही

नवा प्रश्न घेऊन जुन्या साधनांकडे गेलात की ती वेगळी बोलायला लागतात. गांधीजींचं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावरचं पत्र घ्या. २५ सप्टेंबर १९१७ ला रांचीहून लिहिलेलं, नंतर पुस्तिका म्हणून छापलेलं. दक्षिण आफ्रिकेतून परतून त्यांना अडीच वर्षं झाली होती आणि त्यातला बराच काळ तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गेला होता. त्यात मुंबई ते मद्रास या प्रवासाचं वर्णन आहे. डब्यावर २२ जणांची पाटी, आत प्रवासाचा बराच वेळ ३५ माणसं. आणि संडास? होता. पण सबंध प्रवासात तो एकदाही धुतला गेला नाही, आणि टाकीत पाणी नव्हतं.

आधीच्या प्रश्नाने हे वाचलं असतं तर मी एवढंच टिपलं असतं : "१९१७ पर्यंत लांबच्या गाडीत तिसऱ्या वर्गाला संडास मिळाला होता." तक्त्यात एक खूण. नव्या प्रश्नाने वाचलं तर दिसतं की सोय देणं आणि सोय चालू ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्यात लिहिता येते. दुसरीला रोज माणूस लागतो, पाणी लागतं, झाडू लागतो, आणि ते काम करणाऱ्याला पगार लागतो. १८९० च्या कलमात संडास आहे. तो धुणारा माणूस नाही.

नळीच्या खालची माणसं

उघड्या नळीची पद्धत ही काही आपलीच खासियत नाही. ब्रिटन, युरोप, अमेरिका, सगळीकडे गाड्यांचा मैला रुळांवर पडत असे. अमेरिकेत १९८९ साली फ्लोरिडात अॅमट्रॅक कंपनीला याच कारणाने न्यायालयाने दोषी ठरवलं, कारण पुलावरून जाणाऱ्या गाडीतली घाण खाली मासे धरणाऱ्यांवर पडली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने गाड्यांना टाक्या बसवण्याची मुदत घालून दिली.

आपल्याकडे तक्रार करू शकणारा असा मासे धरणारा नव्हता. खाली होते ते सफाई कामगार आणि गँगमन.

तुम्ही लहानपणी डब्यातली ती पाटी वाचली असेल, गाडी स्टेशनवर उभी असताना संडास वापरू नये. पाटी लावून माणसाचं पोट ऐकत नाही. म्हणून मोठ्या स्टेशनांत फलाटालगतच्या रुळांखाली खडीऐवजी सिमेंटचा धुता येणारा थर घातला, ज्याला रेल्वेत एप्रन म्हणतात. एप्रन धुता येतो, पण आपोआप धुतला जात नाही. गाडी गेली की पाण्याची नळी, खराटा घेऊन कुणीतरी रुळांत उतरतं. ते कुणीतरी कोण, कोणत्या जातीचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. नोकरीच्या कागदावर "स्वीपर" किंवा "सफाईवाला" असा हुद्दा असतो. जात कागदावर न लिहिताही भरतीत उतरते.

पुढे एक मधला उपाय आला. नळीचं झाकण गाडीचा वेग वाढल्यावरच उघडेल अशी व्यवस्था काही डब्यांत केली, म्हणजे स्टेशन स्वच्छ राहील. स्टेशन राहिलं. मैला स्टेशनाबाहेरच्या रुळांवर गेला, जिथे गँगमन, ट्रॅकमन, चावीवाला रोज पायी चालतात, खिळे-क्लिपा तपासतात, हाताने घट्ट करतात. घाण तेवढीच, फक्त ती ज्यांच्या वाट्याला येते ती माणसं बदलली. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना हा प्रश्न नेहमी विचारा : अडचण सुटली की सरकली?

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. व्यवस्थेला या पद्धतीचा त्रास जाणवला तो रुळांमुळेही. मैल्यामुळे रूळ आणि त्यांना धरून ठेवणारे लोखंडी भाग गंजतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीचा अहवाल फेब्रुवारी २०१२ मध्ये आला. उघड्या संडासांचा मुद्दा त्यात सुरक्षेचा मुद्दा म्हणून आला. लोखंड गंजतं याची नोंद अभियंते ठेवतात. माणसाची कातडी सोलवटते, श्वासाचे आजार होतात, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात शोधायची, हा आपल्यासारख्यांच्या पुढचा प्रश्न आहे.

कायद्यातली पळवाट

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर पहिली केंद्रीय बंदी १९९३ च्या कायद्याने आली. त्याचा सगळा भर कोरड्या संडासांवर होता. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती चालू असतानाच २०१३ चा नवा कायदा झाला. तो वाचाच, आणि नुसतं शीर्षक नव्हे, व्याख्या वाचा. संशोधकाने कायद्याच्या पुस्तकात सगळ्यात जास्त वेळ व्याख्यांच्या कलमात घालवावा.

त्या व्याख्येत हाताने मैला साफ करणाऱ्यांमध्ये रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कंत्राटदाराने ठेवलेला माणूसही त्यात येतो. वाचून बरं वाटतं. मग पुढचं स्पष्टीकरण येतं : केंद्र सरकार ठरवून देईल ती साधनं आणि संरक्षक पोशाख वापरून काम करणारा माणूस या व्याख्येत धरला जाणार नाही. आणि अस्वच्छ संडासाच्या व्याख्येला जोडलेलं परंतुक तर थेट रेल्वेवरच आहे : प्रवासी डब्यातला पाण्याचा संडास अशा साधनांनी साफ केला जात असेल, तर तो अस्वच्छ संडास मानायचा नाही.

म्हणजे काय झालं? संडास तोच, रूळ तोच, माणूस तोच. हातात हातमोजे आले की कायद्याच्या भाषेत प्रथा संपली. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मात्र रेल्वेला स्पष्ट सांगितलं की रुळांवरची ही प्रथा संपवण्यासाठी मुदत घालून आराखडा करा.

१८९० चं कलम आणि २०१३ चं परंतुक शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात साफ करणारा माणूस दिसत नाही. दुसऱ्यात तो दिसतो, आणि एका वाक्यात पुन्हा अदृश्य होतो. माझ्या प्रबंधाची दोन टोकं ही आहेत.

टाकी आली, पुढे?

मग जैवशौचालय आलं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत, सियाचीनसारख्या थंड जागी असलेल्या सैनिकांसाठी, मैला कुजवणाऱ्या जिवाणूंवर काम झालं होतं. तेच तंत्र रेल्वेने घेतलं. भांड्याखाली पोलादी टाकी, टाकीत कप्पे, कप्प्यांत हवेशिवाय जगणारे जिवाणू. मैला कप्प्याकप्प्यातून सरकत जातो, त्याचं पाणी आणि वायू होतात, पाणी जंतुनाशकाशेजारून बाहेर पडतं. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसपासून सुरुवात झाली. दहा वर्षांच्या आत मुख्य मार्गांवरच्या जवळजवळ सगळ्या डब्यांत अशा टाक्या बसल्या. वंदे भारतमध्ये त्याला हवेच्या दाबाने ओढून घेणाऱ्या भांड्याची जोड मिळाली.

ही मोठी गोष्ट आहे. कुणी म्हणेल काहीच बदललं नाही, तर ते खोटं आहे. आज फलाटावर उभं राहून रुळांकडे बघा आणि वीस वर्षांपूर्वीचं आठवा.

पण आपल्या तीन कामांकडे परत या. कॅगने २०१७ साली जैवशौचालयांवर स्वतंत्र अहवाल दिला. २०१६-१७ या वर्षात तपासलेल्या २५,०८० जैवशौचालयांत १,९९,६८९ बिघाड-तक्रारी नोंदल्या होत्या. त्यातल्या १,०२,७९२ तुंबल्याच्या. झडपेचे बिघाड २२,८९९, तारदोर तुटण्याचे २४,९८०, दुर्गंधी १६,३७५, कचराडबा किंवा टमरेल नसणं २१,१८१, अजिबात न चालणं ११,४६२.

निम्म्याहून जास्त तक्रारी तुंबण्याच्या. कशाने तुंबतं? पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कापड, लहान मुलांचे लंगोट, पॅड. जिवाणू मैला खातात, प्लास्टिक खात नाहीत. मोटरहोमवाला पेटीत बाटली टाकत नाही, कारण ती काढायला उद्या त्याचाच हात लागणार असतो. आपल्या डब्यात टाकणाऱ्याचा हात आणि काढणाऱ्याचा हात वेगळा आहे. तुंबलेली टाकी यार्डात पोचते आणि कुणीतरी डब्याखाली शिरतं. काम रुळांवरून टाकीपाशी आलं, पण वाटणी तीच राहिली.

मात्र घाईने "लोकांना शिस्त नाही" एवढ्यावर थांबू नका. त्याच यादीत कचराडबा आणि टमरेल नसल्याच्या एकवीस हजारांवर नोंदी आहेत. डबाच नसेल तर पॅड कुठे जाईल? गांधीजींनी १९१७ मध्ये प्रवाशांच्या सवयींवरही बोट ठेवलं होतं आणि टाकीत पाणी नव्हतं हेही लिहिलं होतं. दोन्ही एकत्र वाचायचं असतं.

एक आकडा तपासून बघा

जाता जाता एक सराव. २०१३ च्या सुमारास कॅगच्या हवाल्याने वर्तमानपत्रांत एक आकडा फिरला : रेल्वेतून रोज ३,९८० टन मैला रुळांवर पडतो. मी तो खर्ड्यात घातला होता. मग एका दुपारी भागाकार केला. त्या काळात रेल्वेने रोज साधारण २ कोटी ३० लाख प्रवासी जात. ३,९८० टनांना भागलं तर माणशी सुमारे १७३ ग्रॅम. म्हणजे प्रत्येक प्रवाशाने रोज गाडीतच विधी उरकायला हवा. पण या प्रवाशांत निम्म्याहून जास्त उपनगरी गाड्यांचे. मुंबईच्या लोकलला संडासच नाही. विरार ते चर्चगेट उभं राहून जाणाऱ्याचा हिशेब या आकड्यात कसा धरायचा?

आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो मोजून आलेला दिसत नाही, गृहीतकांच्या गुणाकारातून आलेला दिसतो, एवढंच म्हणते. तो वापरायचा तर गृहीतकांसकट वापरा. व्हायवाला कुणीतरी हाच भागाकार करणार आहे. तो आधी तुम्हीच करा.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

पहिली, शब्द. अभिलेखागारात "टॉयलेट" शोधलंत तर हाती काही लागणार नाही. जुन्या इंग्रजी कागदांत क्लोजेट, लॅट्रिन, लॅव्हेटरी, कन्झर्व्हन्सी, सॅनिटरी असे शब्द आहेत. मराठीत शौचकूप, पायखाना, संडास. साफ करणाऱ्याचा शोध तर बहुधा पगाराच्या तक्त्यातच लागतो. स्वतःची शब्दसूची आधी करा, मग सूचीपत्रं उघडा.

दुसरी, जागा. मुंबईत महाराष्ट्र राज्य अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथले सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड बघा. देशी वर्तमानपत्रांचे सरकारने करून घेतलेले साप्ताहिक सारांश बघा. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या तक्रारी त्यांत सापडतात. पण लक्षात ठेवा, ते सारांश आहेत. सरकारी भाषांतरकाराने जे महत्त्वाचं मानलं तेवढंच त्यात उतरलं. मूळ अंक मिळाला तर मूळ अंकच वाचा.

तिसरी, कोण दिसत नाही ते लिहून ठेवा. १८९० चा कायदा बाईप्रवाशाचा विचार करतो, पण इंजिनात तासन्‌तास उभ्या असलेल्या चालकासाठी इंजिनात संडास नव्हता, आणि स्त्रिया इंजिन चालवायला लागल्यावरही कित्येक वर्षं हीच परिस्थिती राहिली. हा विषय माझ्या प्रबंधात बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला हवा असेल तर घ्या, खरंच घ्या.

माझ्या खर्ड्यातलं ते वाक्य आता असं आहे : "१९०९ चं पत्र डब्यात संडास नसल्याची तक्रार करत नाही, गाडी न थांबल्याची करते. खालच्या वर्गातल्या संडासाची सक्ती त्याआधी एकोणीस वर्षं, फक्त स्त्रियांच्या कप्प्यापुरती, कायद्यात आली होती. तो संडास साफ कोण करणार, हे त्या कलमात नाही."

नवा खर्डा परत आला तेव्हा शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी दोनच शब्द : "इथून सुरू."